उभी राहिलेली दुचाकी सुरू होत नाही, झटके मारते? ई२० पेट्रोलच्या काळात आधी काय तपासायचं

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सोलापुरात माझ्या गॅरेजला येणाऱ्या जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये हा एकच बिघाड वेगवेगळी रूपं घेऊन येतो. आधी लक्षणं बघा.

- पंधरा-वीस दिवस उभी असलेली गाडी किक मारून मारून सुरू होत नाही. झालीच तर फक्त चोकवर चालते. चोक काढला की बंद.
- सुरू होते, पण ॲक्सिलरेटर पिळला की अडखळते, झटके मारते. पिकअप नाही.
- पावसात उभी राहिल्यावर किंवा वॉशिंग सेंटरवरून आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्रास सुरू होतो.
- पंपावरून टाकी भरून निघाली आणि थोड्याच अंतरावर बंद पडली.
- पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो, कार्बोरेटरखाली जमीन ओली दिसते.
- दुपारच्या उन्हात काही वेळ चालते, बंद पडते, जरा थांबलं की परत सुरू होते.

यातलं एकही लक्षण नसेल आणि फक्त ॲव्हरेज कमी झालं असेल, तर कार्बोरेटर खोलू नका. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलं की गाडी थोडी कमी धावणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के आणि जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के धरली आहे. म्हणजे ५० चं ॲव्हरेज ४८ वर आलं तर ते इंधनामुळे. ५० चं ३८ झालं तर ते इंधनामुळे नाही. तिथे एअर फिल्टर, ब्रेक जाम होणं, चेन आणि टायरमधली हवा बघा. पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून लोक एकेक किलोमीटर मोजतात आणि सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारतात. खरा बिघाड त्यामुळे तसाच राहतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं नवीन नाही. जानेवारी २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली. १० टक्क्यांचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडचं नेहमीचं पेट्रोल झालं. आपल्या जिल्ह्यात तर हा घरचाच विषय आहे. उसाच्या रसापासून, मळीपासून इथेनॉल होतं आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यातच आहेत. माझी बरीच गिऱ्हाइकं ऊस लावणारी आहेत. त्यांची बिलं वेळेवर निघायला इथेनॉलचा हातभार लागतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकतो. म्हणून मला मनापासून वाटतं की गाडीवाल्यांनी हे इंधन नीट समजून घ्यावं. ते वाईट नाही, पण त्याला पाणी चालत नाही आणि जुन्या रबराशी त्याचं जमत नाही. वर दिलेली बहुतेक लक्षणं या दोन गोष्टींतून येतात.

पहिली तपासणी: काहीही न खोलता

स्वतःला तीन प्रश्न विचारा. शेवटचं पेट्रोल कधी भरलं? टाकीत किती होतं? गाडी कुठे उभी होती? मोहोळकडच्या एका मामांची गाडी परवा टेम्पोत घालून आणली होती.

"मामा, पेट्रोल कधी टाकलं होतं?"

"दिवाळीला पोरं आली होती, तवा. नंतर वस्तीवरच उभी होती."

"झाकून ठेवली होती का?"

"पत्र्याखाली होती की. पत्रा गळतोय जरा."

अर्धं निदान तिथेच झालं. तुमचंही होऊ शकतं.

मग किल-स्विच बघा, पेट्रोल कॉक बघा. हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगतो, कारण लहान मुलं गाडीवर बसून स्विच दाबतात. प्लग काढून बघता येत असेल तर बघा. काळा-ओला प्लग पुसून, ठिणगी बघून परत लावा, पण टाकीचं झाकण उघडं असताना ठिणगी बघायची नाही.

आता टाकीचं झाकण. उन्हात चालून बंद पडणाऱ्या गाडीत बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. 'फुस्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत यावी लागते; ती येत नाही म्हणून पेट्रोल अडतं. छिद्र साफ करा, काम झालं. लोक याला 'इथेनॉलची वाफ धरते' म्हणतात, म्हणजे पाईपात वाफ होऊन पेट्रोल अडतं असं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो तेव्हा वाफेचा त्रास कारला होऊ शकतो, पण टाकीतून सरळ खाली पेट्रोल उतरणाऱ्या मोटरसायकलला मला तरी बहुतेक वेळा झाकण नाहीतर गरम झालेली कॉइलच सापडते.

झाकणाचं रबरही दाबून बघा. कडक झालं असेल, चिरा असतील, तर पाणी तिथूनच जातं. हवेतला दमटपणा टाकीत पाणी करतो हे खरं आहे, पण ते थेंबाथेंबाने. गाडी बंद पाडणारं पाणी बहुतेक वेळा प्रेशरच्या फवाऱ्याने धुताना किंवा पावसात झाकणावाटे शिरतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, आणि माझ्याकडे या तक्रारींची रांगही तेव्हाच लागते.

दुसरी तपासणी: काचेची बाटली

एकच तपासणी करायची असेल तर ही करा. लागतो एक स्क्रूड्रायव्हर आणि एक स्वच्छ, कोरडी, पारदर्शक काचेची बाटली.

गाडी उघड्यावर घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं. जवळ बिडी, सिगारेट, गॅस, देवाचा दिवा काही नको. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा घराच्या बोळात हे करू नका. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीवरही पेट घेते. कार्बोरेटरच्या तळाशी फ्लोट चेंबरला ड्रेन स्क्रू असतो, त्याखाली बारीक पाईप असतो. पाईपचं तोंड बाटलीत धरा, स्क्रू थोडा सैल करा, चेंबरमधलं पेट्रोल बाटलीत घ्या, स्क्रू परत आवळा. टाकीतून नमुना घेण्यापेक्षा हा नमुना जास्त खरं बोलतो, कारण पाणी सगळ्यात खाली याच चेंबरात येऊन बसतं.

बाटली पांढऱ्या कागदासमोर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हलवू नका.

एकसारखं, स्वच्छ, आरपार दिसणारं पेट्रोल असेल तर पाणी नाही. पुढच्या तपासणीकडे जा. तळाला वेगळा थर दिसला आणि बाटली तिरकी केल्यावर तो थर स्वतःची रेघ धरून सरकला, तर पाणी आहे. सगळंच धुरकट, ताकाच्या निवळीसारखं दिसत असेल तर पाणी मर्यादेपाशी आलंय, गारठा वाढला की थर बसेल. तळाला तांबूस बारीक कण असतील तर टाकी आतून गंजतेय. आणि पेट्रोलचा नेहमीचा वास जाऊन आंबूस, वार्निशसारखा वास येत असेल तर ते जुनं होऊन चिकट झालंय.

हा थर का बसतो ते सांगतो, कारण इथेच लोक फसतात. साध्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते थेंब होऊन तळाला बसायचं आणि तेवढंच काढलं की काम व्हायचं. इथेनॉल पाण्याला स्वतःत ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून इंजिनातून निघूनही जातं, काही कळत नाही. ई१० पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी असं सामावून घेतं, ई२० त्याहून जरा जास्त. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी एकटं खाली येत नाही, इथेनॉललाही सोबत घेऊन खाली येतं. म्हणून गेलेल्या पाण्यापेक्षा तळाचा थर कितीतरी मोठा दिसतो. खाली पाणी-इथेनॉल, ज्यावर इंजिन चालत नाही. वर उरतं ते इथेनॉल गेलेलं, ऑक्टेन (इंजिन न खडखडता जळायची ताकद) उतरलेलं पेट्रोल, ज्यावर चढाला इंजिन खडखडतं. ई२० चा ऑक्टेन ९५ असतो तो बराचसा इथेनॉलच्या जोरावर.

आता हिशोब बघा. टाकीत दोन लिटर पेट्रोल असेल तर अर्धा टक्का म्हणजे १० मिलिलिटर, चहाचे दोन चमचे. ई२० असेल तर आणखी थोडं धरा. एवढंसं पाणी सगळी टाकी बिघडवायला पुरतं. भरलेल्या टाकीला तेवढंच पाणी जाणवतही नाही. रिझर्व्हवर ठेवून महिनाभर गाडी लावून टाकायची सवय इथे महागात पडते.

थर दिसला की वर नवीन पेट्रोल ओतून 'पातळ' करायचा प्रयत्न करू नका. कधी जमतं, बहुतेक वेळा पैसे जातात. टाकी रिकामी करायचीच.

पंपाबद्दल शंका असेल तर एक साधा प्रयोग आहे. अरुंद मोजनळीत १० मिलिलिटर पाणी घ्या, वर ९० मिलिलिटर पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा, हळूच वाफ सोडा आणि उभी ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि तळाचा थर वाढतो. तो २६ ते २८ च्या आसपास स्थिरावला तर पेट्रोल ई२० आहे, जसं हवं तसं. त्याच्या खूप वर गेला तर शंकेला जागा आहे. हा अंदाज आहे, प्रयोगशाळेचा निकाल नाही, आणि ते पेट्रोल परत टाकीत जाणार नाही. पंपावर तर तुम्हाला फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरच्या मापाने मोजणी, तिन्ही मागता येतात. मागा. भांडायची गरज नाही, शांतपणे मागा.

तिसरी: टाकी रिकामी, फिल्टर नवीन

पेट्रोल तोंडाने ओढून काढू नका. एकदाही नाही. कॉकचा पाईप काढून डब्यात उतरवा. स्कूटरच्या काही मॉडेलांत कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो, तिथे नुसता पाईप काढून पेट्रोल येणार नाही. हे काम गॅरेजला करून घ्या. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या.

रिकाम्या टाकीत बॅटरीच्या टॉर्चने बघा, काडी ओढून नाही. तळ चकचकीत असेल तर ताजं पेट्रोल थोडं घालून, हिसळून, तेही काढून टाका आणि मग भरा. इथेनॉल जुन्या टाकीत साचलेला चिकटा सोडवतं. म्हणून ई२० सुरू झाल्यावर जुन्या गाडीचा फिल्टर सुरुवातीला लवकर चोंदतो. फिल्टर स्वस्त असतो, लगेच बदला. पुन्हा काही आठवड्यांनी चोंदला तर पुन्हा बदला. त्यानंतर टाकी साफ झालेली असते आणि त्रास थांबतो. तळाला गंजाचे पापुद्रे दिसले तर मात्र हे काम घरचं नाही.

चौथी: पाईप आणि रबर

पेट्रोल पाईप बोटात धरून वाकवा. चिरा दिसल्या, टोकाला फुगून सैल झाला असेल किंवा लाकडासारखा ताठ असेल तर बदला. जुन्या गाड्यांत साध्या नायट्राइल रबराचे पाईप आणि ओ-रिंग असतात. इथेनॉलने ते फुगतात, पेट्रोल उतरलं की सुकून कडक होतात, असं वारंवार होऊन तडे जातात. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग ई२० ला चालतील असेच असतात. तुमची गाडी त्याआधीची असेल तर दुकानात 'इथेनॉलला चालणारा पाईप द्या' असं सांगून घ्या. नवी पेठेत मिळतो. दहा-वीस रुपये वाचवायला बिनछापाचा पारदर्शक पाईप घेऊ नका. उन्हात तो लवकर पिवळा पडतो आणि ताठ होतो.

कार्बोरेटरखाली ओलं होत असेल तर बहुतेक वेळा फ्लोटच्या नीडलचं (चेंबर भरला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं) रबरी टोक फुगलंय किंवा तिथे कचरा अडकलाय, म्हणून पेट्रोल ओव्हर होतंय. चेंबरवर बोटाने हलकं टिचकी मारून बघा. थांबलं तर कचरा होता. नाही थांबलं तर नीडल बदलायला लागेल, आणि तोवर कॉक बंद ठेवा.

पाचवी: कार्बोरेटर

चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, याचा अर्थ पायलट जेटमधून, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीतून, पेट्रोल पुरेसं येत नाही. त्याचं छिद्र केसाएवढं असतं. उभ्या गाडीत पेट्रोल वाळून चिकटा बसला की सगळ्यात आधी तेच बुजतं. ज्यांना कार्बोरेटर काढता येतो त्यांनी काढावा, क्लीनर स्प्रे आणि हवेने जेट साफ करावेत. तार, टाचणी, सुई घालायची नाही. जेट पितळेचा असतो, छिद्र किंचित मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते आणि मग ॲव्हरेजची बोंब परत इथेनॉलच्या नावाने.

आणखी एक खरं कारण आहे. पेट्रोल जाळायला वजनाने साधारण पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. कार्बोरेटर जुन्या पेट्रोलवर बसवलेला असतो, त्याला हे कळत नाही. ई२० वर मिश्रण जरा कोरडं होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. थंडीत सकाळी सुरू व्हायला वेळ लागणं, आयडलला (ॲक्सिलरेटर न पिळता) धरून न राहणं हे त्यातून येतं. आयडलचा स्क्रू पाव वळसा फिरवून बहुतेक गाड्या ठीक होतात. मेन जेट मोठा टाकायचा सल्ला कुणी दिला तर आधी प्लगचा रंग बघून घ्यायला सांगा. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे स्वतः सांभाळतो, तिथे हात लावायची गरज नसते.

काय टाकायचं नाही

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत या बिघाडात फार होते. 'पाणी काढणारं' म्हणून विकली जाणारी काही औषधं मुळात अल्कोहोलच असतात. थर बसल्यावर ती ओतून टाकी दुरुस्त होत नाही.

आणि कारखान्याच्या परिसरातल्या मित्रांना कळकळीने सांगतो, ओळखीने मिळालेलं स्पिरिट स्वस्त पडतं म्हणून टाकीत घालू नका. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळजवळ पूर्ण निर्जल, ९९.५ टक्क्यांच्या वरचं असतं. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये साधारण ५ टक्के पाणी असतं. तुम्ही पैसे वाचवत नाही, पाणी ओतताय. शिवाय ते बाळगणं उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय गुन्हा आहे. मार्च २०२४ पासून महाराष्ट्रात काही निवडक पंपांवर इथेनॉल १०० मिळू लागलं, पण ते फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे इथेनॉलच्या कुठल्याही प्रमाणावर चालतील अशा बनवलेल्या गाड्यांसाठी आहे. साध्या गाडीत भरायचं नाही.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

- गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकत असेल. गाडी सुरू करू नका, ढकलत न्या.
- गाडी फ्युएल इंजेक्शनची असेल आणि चेक इंजिनचा दिवा लागला असेल. त्या लाइनमध्ये दाब असतो, क्लिप सैल केली की पेट्रोल डोळ्यांत उडतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ दुचाकी जवळपास सगळ्या अशाच आहेत.
- टाकीत गंजाचे पापुद्रे असतील. टाकीला वेल्डिंग किंवा तापवणं तर कुणाच्याही सांगण्यावरून नको. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच फुटते.
- कार असेल. पंप सीटखाली टाकीत असतो.
- गाडी वॉरंटीत असेल. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा, बाहेर काही खोलू नका.
- पाणी काढलं, फिल्टर बदलला, जेट साफ केला आणि तरी दोन-चार दिवसांत तोच त्रास आला. तेव्हा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन, कॉइल बघावी लागते, आणि त्याचा पेट्रोलशी संबंध नसतो.

मेकॅनिककडे जाताना ती काचेची बाटली बूच लावून सोबत न्या आणि पेट्रोल कधी, कुठे भरलं ते सांगा. त्याचा तास आणि तुमचे पैसे वाचतात. एकाच दिवशी एकाच पंपावर भरलेल्या दोन-तीन गाड्या बंद पडल्या असतील तर बिल जपा, नमुना वेगळा ठेवा, पंपाच्या तक्रारवहीत लिहा आणि तेल कंपनीकडे तक्रार करा.

आणि ज्यांची दुसरी गाडी महिनोन्‌महिने घरी उभी असते, पोरगं पुण्याला नोकरीला आणि गाडी विजापूर रोडला, त्यांच्यासाठी: महिनाभरासाठी जाणार असाल तर टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत भरा, घरातल्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं चालवायला सांगा. त्याहून जास्त दिवस राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. झाकणावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नका, छिद्र बुजतं. नुसतं कव्हर टाका, आणि गळक्या पत्र्याखाली उभी करू नका.